तुसाची राख सिमेंट मजबूत करते, पण कोणती राख?

पूर्व विदर्भात धानाची कापणी-मळणी आटोपली की राईस मिल जोरात सुरू होतात. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली हा महाराष्ट्राचा धानपट्टा. मिलमधून तांदूळ पोत्यात जातो, कणी विकली जाते, बारीक कोंड्यातून तेल निघते. मागे उरते ते धानाचे वरचे टरफल, म्हणजे तूस. उकडा (उष्णा) तांदूळ बनवणाऱ्या मिलमध्ये हेच तूस बॉयलरखाली जाळून वाफ तयार करतात. वीटभट्टीवरही ते जळण म्हणून जाते. जळून गेल्यावर उरते राख आणि ती टाकली जाते नाल्याच्या काठी, पडीक जागेत, रस्त्याकडेच्या खड्ड्यात, अनेकदा आपल्या वस्तीच्या पाठीमागे. वारा सुटला की ती घरात येते आणि पाऊस आला की विहिरीकडे वाहते.

या भागात काम करताना आम्हाला दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. घरकुल मंजूर झालेली कुटुंबे विचारतात, "तुसाची राख सिमेंटमध्ये मिसळली तर मजबुती येते म्हणतात, मग चार पोती सिमेंट वाचवता येतील का?" बचत गटाच्या ताई विचारतात, "राख फुकट मिळते, मग आपण गट्टू बनवायचे काम सुरू करायचे का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओत या राखेला जादूची पावडर म्हटले जाते, तर गावातला अनुभवी गवंडी तिला हातही लावायला तयार नसतो. खरे काय, ते या लेखात समजून घेऊ.

तुसात असे काय आहे?

धानाचे रोप जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका शोषून घेते. सिलिका म्हणजे रेतीत आणि काचेत असतो तोच पदार्थ. रोपाच्या पानांत आणि विशेषतः दाण्याच्या टरफलात ती साठते. म्हणून तूस हाताला खरखरीत लागते, जनावरे ते नीट पचवू शकत नाहीत आणि उकिरड्यावर टाकले तरी ते लवकर कुजत नाही.

हिशेब सोपा आहे. १०० किलो धानातून साधारण २० किलो तूस निघते. ते जाळले की सुमारे ४ किलो राख उरते. नीट जळलेल्या या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. शेतीतल्या दुसऱ्या कोणत्याही टाकाऊ मालाच्या राखेत एवढी सिलिका क्वचितच सापडते. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये उसाचे चिपाड जाळतात. त्याच्या राखेवरही संशोधन झाले आहे, पण तिच्यात सिलिका कमी असते आणि उसाबरोबर आलेली माती-रेतीही मिसळलेली असते.

घरातल्या चुलीची राख मात्र या कामाची नाही. लाकडाच्या राखेत सिलिका कमी आणि पाण्यात विरघळणारे क्षार जास्त असतात. त्यामुळे "राख ती राख" असे समजू नये.

सिमेंट घट्ट होते म्हणजे काय होते?

चुनखडी आणि माती सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून क्लिंकर बनवतात आणि थोडे जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार होते. या भट्टीला प्रचंड इंधन लागते. शिवाय तापलेल्या चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगभरात माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. म्हणून क्लिंकर कमी वापरूनही तेवढेच मजबूत काम कसे होईल, याचा शोध जगभर चालू आहे.

सिमेंटमध्ये पाणी घातले की दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे गोंदासारखा चिकट पदार्थ. तो रेती आणि गिट्टी धरून ठेवतो, सारी ताकद त्याचीच. दुसरा पदार्थ म्हणजे विरवलेल्या चुन्यासारखा चुना. घट्ट झालेल्या सिमेंटच्या घडणीत हा चुना साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्यापर्यंत असतो. त्याची ताकद कमी असते, तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि त्यामुळे काँक्रीटमध्ये बारीक वाटा तयार होतात. पाणी आणि खार त्याच वाटांनी आतल्या सळईपर्यंत पोहोचतात. सळई गंजली की स्लॅबचे पोपडे पडतात.

राखेचे काम इथे सुरू होते. राखेतली सिलिका या बिनकामाच्या चुन्याशी मिळून आणखी तोच चिकट पदार्थ तयार करते. कमकुवत भाग कमी होतो, मजबूत भाग वाढतो आणि बारीक छिद्रे भरली जातात. योग्य राख सिमेंटच्या १० ते १५ टक्के प्रमाणात वापरली, तर २८ दिवसांनंतरची ताकद साध्या सिमेंटइतकी किंवा त्याहून जास्त मिळू शकते आणि काँक्रीटमधून पाणी झिरपणे कमी होते.

आपल्या जुन्या गवंड्यांना हे तत्त्व ठाऊक होते. चुन्यात विटांचा भुगा, म्हणजे सुरखी घालून केलेली जुनी बांधकामे आजही उभी आहेत. सुरखी चुन्याशी जे करते, तेच ही राख करते. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेने करत.

अजिंठ्याचा उल्लेखही इथे करायला हवा. तिथल्या भित्तिचित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात धानाचे तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले अभ्यासकांना आढळले आहेत. तिथे तुसाची राख नव्हे, तर तूसच वापरले आहे. वाळताना गिलाव्याला तडे जाऊ नयेत, हा त्याचा उपयोग. दोन्हींचे शास्त्र वेगळे आहे. पण आज आपण कचरा म्हणून टाकतो त्या वस्तूची पारख लेणी घडवणाऱ्या कारागिरांना होती, एवढे त्यातून नक्की कळते.

राखे-राखेत फरक

आता मुख्य मुद्दा. रेतीही सिलिका आणि राखही सिलिका, मग रेती चुन्याशी का मिळत नाही? फरक रचनेचा आहे. रेतीतले कण नीट बांधलेल्या भिंतीतल्या विटांसारखे एकमेकांत घट्ट बसलेले असतात. योग्य तापमानाला जळलेल्या तुसाच्या राखेत ते ट्रॉलीतून ओतलेल्या विटांच्या ढिगासारखे विस्कळीत असतात. ढिगातली वीट सहज उचलता येते, भिंतीतली येत नाही. चुनाही तसाच विस्कळीत सिलिकेशी सहज मिळतो, घट्ट रचलेल्या सिलिकेशी मिळत नाही.

ही रचना ठरते जाळण्यावर. साधारण ५०० ते ७०० अंशांच्या दरम्यान, पुरेशी हवा देऊन तूस जाळले तर विस्कळीत रचनेची, कामाची राख मिळते. तापमान त्याहून फार वर गेले आणि बराच वेळ तसेच राहिले, तर कण पुन्हा घट्ट रचले जातात आणि राख रेतीसारखी निष्क्रिय होते. उलट हवा कमी पडली तर तूस अर्धवट जळते आणि राखेत कोळसा राहतो. अशी काळी राख पाणी शोषते, मालाचा रंग बिघडवते आणि ताकद कमी करते. उघड्यावर ढीग करून पेटवलेल्या तुसात तर दोन्ही दोष एकाच वेळी सापडतात. वरचा थर काळा राहतो आणि आतला भाग जास्त तापतो.

रंग पाहून थोडा अंदाज येतो, पण फसगतही होते. काळी राख नको, हे बरोबर. "पांढरीशुभ्र राख म्हणजे उत्तम" हा समज मात्र चुकीचा आहे. जास्त तापून निष्क्रिय झालेली राखही पांढरीच दिसते. खरे उत्तर प्रयोगशाळेतच मिळते.

शिवाय राख बारीक दळावी लागते. तिचा प्रत्येक कण मधमाशीच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो, म्हणून ती पाणी खूप पिते. माल कोरडा वाटतो, गवंडी आणखी पाणी ओततो आणि जास्तीच्या पाण्यानेच काँक्रीट कच्चे होते. राखेने जेवढे कमावले तेवढे इथे गमावले जाते.

हे संशोधन जुनेच आहे

१९७० च्या दशकात अमेरिकेतील बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पी. कुमार मेहता या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने नियंत्रित तापमानाला तूस जाळून सिमेंटयोग्य राख बनवण्याचे पायाभूत काम केले. आयआयटी कानपूरमध्ये तुसाची राख आणि चुना एकत्र करून गावपातळीवर स्वस्त सिमेंटसारखी पावडर बनवण्याचे प्रयोग झाले.

भारतीय मानकानेही या राखेची दखल घेतली आहे. काँक्रीटच्या कामासाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या २००० सालच्या आयएस ४५६ या मानकात तुसाच्या राखेला परवानगी आहे. अट अशी की राखेचा गुण आणि एकसारखेपणा सिद्ध झाला पाहिजे आणि संबंधित अधिकाऱ्याची मान्यता हवी. त्याच मानकात असा इशाराही आहे की अयोग्य राख काँक्रीटमध्ये गाळाइतकीच घातक ठरू शकते. मजबुतीची गोष्ट सांगणारे व्हिडिओ हे दुसरे वाक्य सांगत नाहीत.

मग ती सिमेंटच्या पोत्यात का आली नाही?

कोळशाच्या राखेशी तुलना केली तर याचे उत्तर मिळते. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी फ्लाय ॲश एकेकाळी नुसता कचरा होती. १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीज केंद्रांच्या आसपास तिचा वापर बंधनकारक केला. मानके होतीच, सिमेंट कारखाने ती घेऊ लागले आणि आज दुकानात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटच्या पोत्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश असते.

फ्लाय ॲश एकाच ठिकाणी, प्रचंड प्रमाणात आणि बऱ्यापैकी एकसारखी मिळते. तुसाची राख गावोगावच्या लहान-मोठ्या मिलमध्ये विखुरलेली आहे. प्रत्येक बॉयलर वेगळा, प्रत्येक दिवसाची राख वेगळी. ती वजनाला हलकी आणि आकाराने मोठी, म्हणून ट्रक भरतो पण वजन भरत नाही आणि वाहतूक महाग पडते. चांगल्या राखेला पोलाद कारखान्यांतही मागणी असते. तिथे वितळलेल्या लोखंडाची उष्णता टिकवण्यासाठी तिचा थर पसरतात. म्हणजे चांगली राख गावाबाहेर विकली जाते आणि टाकाऊ राख वस्तीमागे पडते.

समाजशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर कचरा ही वस्तू कमी आणि व्यवस्था जास्त असते. कोणाच्या दाराशी काय टाकायचे, हे गावातली सत्ता ठरवते. तोच कचरा किमती झाला की त्याचा मालकही तीच ठरवते. म्हणूनच आपल्याला राखेचे शास्त्र कळायला हवे.

घरकुल बांधताना काय करावे?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. पंतप्रधान आवास योजनेतूनही घरे मंजूर होतात. हप्ते तुटपुंजे असतात, रेतीचे भाव चढे असतात, त्यामुळे सिमेंट वाचवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही आमचे सांगणे स्पष्ट आहे.

पहिली गोष्ट, पोते वाचा. त्यावर ओपीसी लिहिले आहे की पीपीसी, हे पाहा. पीपीसी असेल तर त्यात आधीच राख मिसळलेली आहे. त्यात आणखी राख घातली तर क्लिंकरचा हिस्सा इतका कमी होतो की चिकटवणारा पदार्थच अपुरा पडतो. राखेचे प्रयोग ओपीसीवर करायचे असतात, तेही चाचणीनंतर.

दुसरी गोष्ट, कॉलम, बीम, स्लॅब आणि पाया यांत मिलमधून आणलेली, न तपासलेली राख कधीही घालू नका. घमेल्याने अंदाजे टाकलेली राख आणि कारखान्यात मोजून-दळून मिसळलेली राख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एका पोत्यामागे पाच किलो सिमेंट वाचवून स्लॅब कच्चा झाला, तर त्याखाली आपलीच मुले झोपणार आहेत.

तिसरी गोष्ट, ठेकेदाराने किंवा दुकानदाराने "राखमिश्रित स्वस्त सिमेंट" सुटे किंवा छाप नसलेल्या पोत्यात दिले तर घेऊ नका. पोत्यावर आयएसआय चिन्ह, सिमेंटचा प्रकार आणि भरल्याचा आठवडा किंवा महिना असतो. तो तपासा आणि पावती जपून ठेवा.

चौथी गोष्ट, पाणी मारणे. पीपीसी असो की राखेचे मिश्रण, त्याची ताकद हळूहळू वाढते आणि तोवर ओलावा लागतो. आयएस ४५६ नुसार अशा काँक्रीटला किमान १० दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत १४ दिवस पाणी मारावे. विदर्भाच्या उन्हात ही १४ दिवसांची मुदत पाळाच. तीन दिवस पाणी मारून थांबलो तर चांगले सिमेंटही वाया जाते. ही मजबुती फुकटची आहे, तिला राख लागत नाही.

बचत गटांनी सुरुवात कशी करावी?

ज्यावर घराचा भार नाही, अशा वस्तूंपासून सुरुवात करणे शहाणपणाचे आहे. अंगणातले गट्टू, बागेच्या कडेचे ठोकळे, नालीवरची लहान झाकणे अशा वस्तू चाचणी करून बनवता येतात.

गणित पाहू. एखादी मिल दिवसाला १०० क्विंटल धान भरडत असेल आणि सगळे तूस तिथेच जाळत असेल, तर साधारण ४ क्विंटल राख निघते. ५० किलोच्या पोत्यात १० टक्के, म्हणजे ५ किलो सिमेंटच्या जागी राख वापरली, तर ही राख ८० पोत्यांच्या कामाला पुरते. एका गटाच्या गरजेपेक्षा हे कितीतरी जास्त आहे. म्हणजे अडचण राखेच्या प्रमाणाची नाही, गुणवत्तेची आहे.

म्हणून आधी एका मिलची, एकाच बॉयलरची राख निवडा. वेगवेगळ्या दिवसांचे नमुने घ्या. अशा पदार्थांच्या तपासणीसाठी आयएस १७२७ हे मानक आहे. नागपूरची व्हीएनआयटी, चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तसेच तंत्रनिकेतनांच्या स्थापत्य विभागांकडे विचारणा करता येते. आपल्या समाजातली कितीतरी मुले-मुली आज स्थापत्य अभियांत्रिकी शिकत आहेत. त्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी याहून जवळचा विषय कोणता?

किमान दोन प्रकारचे ठोकळे बनवा, एक राख न घालता आणि एक १० टक्के राख घालून. दोन्ही ७ आणि २८ दिवसांनी दाबून पाहा. राखेचा ठोकळा ७ दिवसांनी थोडा कमी भरला तर घाबरू नका, २८ दिवसांचा आकडा पाहा. तोही कमी असेल तर ती राख सोडून द्या. प्रमाणपत्र हातात आल्यावरच ग्रामपंचायतीकडे कामासाठी अर्ज करा.

राखेची धूळ आणि आपली छाती

राख चाळणे, पोती भरणे, ट्रॉली रिकामी करणे ही कामे बहुतेक वेळा भूमिहीन मजूर आणि बाया करतात. तोंडाला पदर किंवा दुपट्टा बांधला की झाले, असे मानले जाते. जास्त तापलेल्या राखेतली घट्ट रचनेची सिलिका मात्र धोकादायक असते. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर सिलिकोसिस होतो. त्यावर बरे करणारा उपाय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीला कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसचा समावेश सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत केला.

या आजारात धाप आणि खोकला असतो, म्हणून अनेकदा टीबी समजून औषधे सुरू होतात. मिलवर किंवा राखेत काम करणाऱ्याने डॉक्टरला आपले काम काय आणि किती वर्षांचे, हे आवर्जून सांगावे. काम करताना राख ओली करावी, कपड्याऐवजी एन-९५ मास्क वापरावा, वाहतूक झाकून करावी, लहान मुलांना ढिगाऱ्यावर खेळू देऊ नये. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या गवंडी, बिगारी आणि रेजांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्यावी.

ग्रामसभेत काय मागायचे?

तुसाची राख सिमेंटला खरोखर बळ देते, यात शंका नाही. त्यासाठी नियंत्रित जाळणी, बारीक दळण, मोजके प्रमाण आणि चाचणी या चार अटी पाळाव्या लागतात. एकट्या कुटुंबाला त्या पाळणे शक्य नाही. मिल, महाविद्यालय, ग्रामपंचायत आणि बचत गट एकत्र आले तर शक्य आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत तीन मुद्दे लेखी मांडा. एक, मिलची राख वस्तीजवळ आणि पाण्याच्या स्रोतापाशी टाकणे बंद व्हावे आणि ती झाकून ठेवण्याची जबाबदारी मिलची असावी. दोन, राखेची तपासणी करून तिचा अहवाल गावाला द्यावा. तीन, राख उपयोगी ठरली तर त्यातून उभ्या राहणाऱ्या कामात पहिला हक्क आजवर तिची धूळ खाल्लेल्या वस्तीतल्या गटांचा असावा. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या.